पाहण्याचे पद रिक्त आहे

राष्ट्राची प्रतिष्ठा शेवटी भिंतीवर टिकून असते. सैन्य, व्यापार, मुत्सद्देगिरी या गोष्टी आपापल्या जागी ठीक आहेत. पण परका पाहुणा आपल्या वकिलातीत येऊन खुर्चीत टेकतो आणि समोर कोरी भिंत बघतो, तेव्हा त्याच्या मनात पहिला विचार येतो, ‘यांच्या घरी काहीच नाही वाटतं.’ दुसरा विचार येतो तो करार पुढे ढकलण्याचा. इतिहासातले कितीतरी तह असे कोऱ्या भिंतींमुळे फिसकटले असतील. (याचा पुरावा नाही. पण फिसकटलेल्या तहांच्या खोल्यांत चित्र होतं, याचाही पुरावा नाही.)

हे ओळखून आमच्या दूरदृष्टीच्या सरकारने ‘परदेशस्थ शासकीय भिंती सुशोभन विभाग’ काढला. परदेशात आपली इमारत उभी राहिली की तिच्या खर्चातला ठरावीक हिस्सा कलेसाठी बाजूला ठेवायचा, असा नियमच आहे. देशातल्या इमारतींना तो लागू नाही. आपण कसे आहोत हे इथल्या लोकांना माहीतच असतं, त्यांच्यासाठी चित्र कशाला?

मी या विभागात वरिष्ठ टांगणी अधिकारी आहे. लग्नाच्या बोलणीत हे पद ऐकून सासऱ्यांनी पुढे केलेली पोह्यांची बशी मागे घेतली होती. मी तुरुंगात नोकरीला आहे असा त्यांचा समज झाला होता. माणसं नाही, चित्रं टांगतो, असा खुलासा केल्यावर ते म्हणाले, “मग पगार कशाचा?” असे प्रश्न विचारणारी माणसं ज्या देशात आहेत तिथे कला रुजवणं सोपं नाही.

आमचं काम किती शिस्तीचं आहे याची बाहेर कल्पना नसते. मोजणी अधिकारी चित्राची लांबी-रुंदी घेतो. वजन अधिकारी चित्राचं वजन करतो, एकदा फ्रेमसकट आणि एकदा फ्रेमशिवाय, आणि मग वजाबाकी करतो. बांधणी अधिकारी खोकं तयार करतो. विमा अधिकारी चित्र हरवलं तर सरकारला किती दुःख होईल त्याचा आकडा काढतो. आणि सगळ्यात शेवटी, परदेशी जाऊन, खिळा, तार आणि पाणसळ घेऊन मी ते टांगतो. पाणसळ म्हणजे ती काचेची नळी, जिच्यातला बुडबुडा मध्यावर आला की वस्तू सरळ आहे असं समजतात. माझ्या कारकिर्दीत एकही चित्र वाकडं लागलेलं नाही. हे मी गर्वाने नाही, नोंद म्हणून सांगतो.

निधीचंही तसंच. त्याचे शंभर भाग केले तर चाळीस खोक्याला जातात, पंचवीस विम्याला, वीस वाहतुकीला, दहा फ्रेमला आणि चार समितीच्या चहाला. राहिलेला एक भाग चित्रकाराला मानधन म्हणून मिळतो. काही चित्रकार त्यावरही कुरकुर करतात. कलावंत हा हावराच.

पूर्वी निवड समितीचे सभासद चित्रं बघत असत. त्या काळाला आम्ही विभागात अंधारयुग म्हणतो. एका चित्रात समुद्र होता. सभासदांनी विचारलं, यात आपली हद्द कुठे दाखवली आहे? एकात फळं होती. व्यापार खात्याला वाटलं, यावरून आयातीचा विषय निघेल. एकात एक म्हातारी हसत होती. ती नक्की कोणाला हसते, असा प्रश्न आला आणि चित्रकाराला त्याचं लेखी उत्तर देता आलं नाही. एक चित्र नुसतंच निळं होतं. त्यावर हवाई दलाने हरकत घेतली. ओळीने कित्येक वर्षं एकही चित्र पसंत पडलं नाही आणि निधी पडून राहिला. निधी पडून राहणं हा आमच्याकडे चोरीपेक्षा मोठा गुन्हा आहे. (चोरीत निदान खर्च तरी होतो.)

तेव्हा आमच्या साहेबांनी ती प्रसिद्ध सुधारणा आणली. चित्र आधी बांधायचं आणि मग समितीपुढे ठेवायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपले पूर्वज सांगूनच गेलेत. साहेबांनी फक्त त्याचं परिपत्रक काढलं. शिवाय सगळी चित्रं एकाच मापाची घ्यायची असं ठरलं, म्हणजे खोकी घाऊक भावात पडतात. तेव्हापासून आजपर्यंत एकाही चित्रावर आक्षेप आलेला नाही. समितीत एक कलातज्ज्ञही असतात. ते खोक्याभोवती एक सावकाश फेरी मारतात, थोडं मागे सरकतात, डोळे बारीक करतात आणि मग मान हलवतात. त्यांनी कधी नकारार्थी मान हलवल्याचं मला आठवत नाही.

इतक्या सुरळीत चाललेल्या विभागात बाईंचं प्रकरण आलं.

बाई म्हणजे ड्रॉइंगच्या बाई. उभी हयात शाळेत चित्रकला शिकवण्यात गेली. पुष्कळ वर्षांपूर्वी आर्थिक वर्ष संपत आलं होतं, एका वकिलातीची भिंत कोरी होती आणि आमच्या मापाचं चित्र बाजारात मिळेना. तेव्हा कळलं की एका शाळेतल्या बाईंच्या घरी बरोबर त्या मापाचं चित्र आहे. मोजणी अधिकारी गेला, दारातूनच टेप काढला आणि म्हणाला, “देशासाठी हवंय.” बाईंनी ते घरच्या भिंतीवरून उतरवून दिलं. देशासाठी म्हटलं की आपल्याकडची माणसं वस्तू उतरवून देतात, हा आमच्या विभागाचा मोठा आधार आहे.

आता ती वकिलात नव्या इमारतीत गेली. नव्या इमारतीच्या भिंती काचेच्या आहेत. पारदर्शक कारभाराचं ते प्रतीक आहे. काचेत खिळा ठोकून बघण्याचा प्रयोग मी स्वतः जाऊन केला. (त्याचा अहवाल वेगळा आहे, आणि काचेचं बिलही.) तेव्हा तिथली चार चित्रं परत मागवली. वाटेत जकातवाल्यांनी खोक्यांवरची लेबलं सोडवून, लेबलांखाली काही लपवलेलं नाही याची खात्री करून घेतली आणि चारही लेबलं एका पाकिटात घालून सोबत पाठवली. काम अगदी नीटनेटकं होतं. फक्त कोणतं लेबल कोणत्या खोक्याचं, एवढंच त्यातून कळत नव्हतं.

परत आलेलं चित्र वर्ष संपेपर्यंत चित्रकाराला नेता येतं. नेलं नाही तर ते पुन्हा सरकारी साठ्यात जमा होतं. नियमाप्रमाणे आम्ही चौघांनाही कळवलं. तिघांकडून उत्तर आलं नाही. बाई मात्र स्वतः आल्या. सोबत त्यांचा भाचा होता. त्याचा टेम्पो होता आणि त्याच्या खांद्यावर दोरी नि जुनी चादर होती.

“माझं चित्र आलंय म्हणे. न्यायला आलेय,” बाई म्हणाल्या.

“कोणतं?”

“अहो, माझं. लांबून बघितलं की आधी दिसतं ते—”

(येथे बाईंनी चित्रात काय आहे ते सविस्तर सांगितले. प्रकरणाशी संबंध नसल्याने वगळले आहे.)

मी त्यांना समजावलं की वर्णनावरून चित्र मिळत नसतं, माप सांगा. बाईंनी दोन्ही हात पसरून दाखवलं. “एवढं. आमच्या मधल्या दारातून आडवं जात नव्हतं.” पण चारही खोकी तेवढीच होती.

मी म्हणालो, “बाई, इतका खटाटोप कशाला? तुम्ही चित्रकार. एखादं नवं काढा की.”

बाईंनी उजवा हात माझ्या टेबलावर ठेवला. टेबल डुगडुगायला लागलं, म्हणून मी वाकून पायाखाली कागदाची घडी सरकवली. वर येऊन बघतो तर टेबल जागच्या जागी होतं. थरथरत होता तो हात.

“आता नाही निघायचं माझ्याच्यानं,” त्या म्हणाल्या. “सगळा जन्म पोरांच्या रेघा सुधारण्यात गेला. स्वतःसाठी म्हणून एवढं एकच काढलं होतं. तेवढं भिंतीवर परत बघू दे, मग काय व्हायचं ते होऊ दे.”

मला वाईट वाटलं. (वाईट वाटणं नियमबाह्य नाही. त्यावरून कार्यवाही करणं नियमबाह्य आहे.) मी प्रकरण साहेबांकडे नेलं.

साहेबांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. “खोकी उघडून बाईंना दाखवली तर त्या ओळखतील, असंच ना?” ते म्हणाले. “पण स्वतःची वस्तू स्वतः ओळखणाऱ्यावर विश्वास ठेवायला लागलो, तर उद्या कोणीही येईल आणि आपलीच वस्तू घेऊन जाईल. साक्षीदार शोधा. चित्र पाहिलेला, पण चित्राशी संबंध नसलेला.”

आधी कागद काढले. कागदांत काय नव्हतं? लांबी, रुंदी, जाडी, दोन्ही वजनं, फ्रेमच्या लाकडाची जात, तारेचा ताण, विम्याचं दुःख, सगळं होतं. चित्रात काय आहे, असा रकाना मात्र नव्हता. शीर्षकाचा रकाना होता, पण बाईंनी दिलेलं शीर्षक त्यात मावलं नव्हतं, म्हणून तिथे ‘चित्र’ एवढंच लिहिलं होतं. बाकीच्या तिघांपुढेही ‘चित्र’च होतं. कारकुनाने भेदभाव केला नव्हता.

मग त्या वकिलातीत काम केलेल्या सगळ्यांना विचारलं. त्या काळचे राजदूत आता निवृत्त आहेत. त्यांनी फार हृद्य उत्तर पाठवलं. चित्र त्यांच्या खुर्चीच्या मागेच होतं आणि कठीण प्रसंगी त्याने कायम त्यांच्या पाठीशी उभं राहून धीर दिला, असं त्यांनी लिहिलं. मागे वळून पाहण्याचा प्रसंग त्यांच्या कारकिर्दीत आला नव्हता. त्यांच्या सचिवांनी कळवलं की ते रोज समोरच उभे असत, पण वरिष्ठांच्या डोक्यावरून नजर वर नेणं शिष्टाचारात बसत नाही. पहारेकऱ्याचं म्हणणं, “माझं काम माणसांवर नजर ठेवायचं. भिंत कुठे पळून जातेय?” झाडलोट करणाऱ्या बाईने सांगितलं की तिला फ्रेम पुसायची परवानगी होती, चित्राला हात लावायची सक्त मनाई. “ज्याला हात लावायचा नाही, त्याच्याकडे बघून उगाच जीव कशाला जाळू?” तिच्या मते फ्रेम उत्तम होती.

फोटो शेकड्यांनी होते. त्या चित्रासमोर उभं राहून किती देशांच्या मंत्र्यांनी हस्तांदोलन केलं असेल! प्रत्येक फोटोत चित्राच्या बरोबर मध्ये कोणाचं ना कोणाचं डोकं होतं. मोजणी अधिकाऱ्याने सगळे फोटो जुळवून पाहिले, तेव्हा चित्राच्या चारही कडा निर्विवाद सिद्ध झाल्या. पाहुण्यांच्या अभिप्रायांतही चित्राबद्दल भरभरून लिहिलेलं सापडलं: ‘अप्रतिम’, ‘थोर परंपरा’, ‘पाहतच राहावं असं’. एकाने ‘खुर्च्या आरामशीर’ असंही लिहिलं होतं. सबंध शोधात डोळ्यांनी पाहून दिलेला असा तो एकच अभिप्राय.

शेवटची आशा कलातज्ज्ञांची होती. विभागाने मागे एक गुळगुळीत कागदाचं जाडजूड पुस्तक काढलं होतं, त्यात त्यांनी बाईंच्या चित्रावर दोन पानं लिहिली होती. मी ती वाचून दाखवली. ‘या चित्रात जे आहे त्यापेक्षा जे नाही, तेच अधिक बोलकं आहे. रंग आणि रेषा यांच्यातलं हे मौन पाहणाऱ्याला शेवटी स्वतःकडेच परत पाठवतं.’ ऐकताना कलातज्ज्ञांचे डोळे पाणावले.

“म्हणजे तुम्ही पाहिलंय,” मी आनंदाने म्हणालो.

“छे हो,” ते म्हणाले. “मी चित्रांवर लिहितो. बघून लिहिणारे वेगळे. त्यांना वेळ फार लागतो.”

साक्षीदार मिळाला नाही, तेव्हा साहेबांनी समितीची बैठक बोलावली आणि एक तोडगा काढला. मी साहेबांचं उगाच कौतुक करत नाही. बाईंनी चित्राचं वर्णन लिहून द्यावं, ते पाकिटात बंद करावं, मग खोकी उघडावीत आणि वर्णन ज्या चित्राशी जुळेल ते बाईंना द्यावं. यात हितसंबंध नाही, साक्षीदार नाही, वशिला नाही. सगळ्यांनी बाकं वाजवली.

बाई लिहायला बसल्या. हाताच्या अडचणीमुळे सबंध दुपार गेली. भाचा म्हणाला, “मावशी, तू सांग, मी लिहितो.” बाई म्हणाल्या, “नको रे. तू कुठे बघितलंयस?” शेवटी वर्णन पूर्ण झालं.

(वर्णन भरपूर लांब असून अक्षर लागण्यास कठीण आहे. त्यात मुख्यतः चित्रात काय आहे एवढेच असल्याने येथे वगळले आहे.)

आणि इथे घोडं अडलं. वर्णन वाचायला आमच्याकडे वाचन लिपिक आहे. पण वर्णन चित्राशी ताडून बघायचं म्हणजे कोणीतरी चित्र बघायला हवं, आणि विभागाच्या स्थापनेपासून चित्र बघण्याचं पदच मंजूर नाही, हे त्या बैठकीत पहिल्यांदा लक्षात आलं. मोजणी अधिकारी म्हणाला, “मी फक्त कडा बघतो.” बांधणी अधिकारी म्हणाला, “मी खोकं उघडून देईन, पण चित्राला उजेड लागू नये म्हणून बाहेर काढल्यावर त्याचं तोंड भिंतीकडे करायचं असतं.” कलातज्ज्ञ म्हणाले की त्यांनी आता पाहून मत दिलं, तर न पाहता दिलेल्या पूर्वीच्या सगळ्या मतांना बाध येईल. माझ्याकडे कोणी पाहिलंच नाही, कारण टांगणीचा प्रश्न अजून आला नव्हता.

भाचा दाराशी उभा होता. त्याच्याच्यानं राहवेना. “अहो साहेब, मी उघडतो, मावशी बघेल. दोन मिनिटांचं काम आहे!”

साहेब रागावले नाहीत. “बाळा,” ते म्हणाले, “दोन मिनिटांच्या कामांसाठीच तर विभाग असतात.”

‘चित्र पाहणारा अधिकारी’ हे नवं पद निर्माण करण्याचा प्रस्ताव त्याच दिवशी वित्त विभागाकडे गेला. पात्रता: दोन डोळे. (एक चालेल, पण मग दुजोऱ्यासाठी सहायक द्यावा लागेल.) वित्त विभागाने तातडीने शंका काढली: ‘हे काम आजवर कोण करत होते? कोणीच करत नसल्यास ते आवश्यक आहे असे कसे म्हणता येईल?’ शंका बिनतोड होती. तिचं उत्तर देण्यात हिवाळा गेला.

तेवढ्यात वर्ष संपत आलं. बाई अधूनमधून येत, बाकावर बसत, शिपाई चहा देई, त्या कपाला दोन्ही हात धरून पीत आणि जात. खोकी पलीकडच्याच खोलीत होती. मधल्या दाराला काच होती, तिच्यातून ती दिसत. एकदा बाई म्हणाल्या, “माझं तिसरं असेल असं वाटतं.” मी विचारलं, “कशावरून?” म्हणाल्या, “उगाच.” असल्या पुराव्यावर आम्ही काय करणार?

शेवटच्या आठवड्यात दुसऱ्या एका देशातून निरोप आला. तिथे आपलं नवं कार्यालय तयार झालं होतं, दगडी भिंतींचं, आणि लांबच लांब दालनाची एक सबंध भिंत कोरी होती. निधीही पडून होता. मुदत संपताच चारही चित्रं साठ्यात जमा झाली आणि लगोलग तिकडे रवाना करायचं ठरलं. असा योग फार क्वचित जुळून येतो. टांगायला मी जाणार होतो.

निघायच्या दिवशी बाई फाटकापाशी उभ्या होत्या. या खेपेला भाच्याकडे दोरी नव्हती.

“चित्र द्या असं आता म्हणत नाही,” त्या म्हणाल्या. “चारांतलं माझं कुठलं आणि ते कुठे लागलं, तेवढं बघून या. शेजारी कुणाचं आहे, उंच आहे का फार, एवढंच. तुम्हाला बघितल्याबरोबर कळेल. खाली डाव्या कोपऱ्यात बघा, तिथे मी आमच्या—”

(येथे बाईंनी पुन्हा चित्राबद्दल सांगितले. गाडीची वेळ झाली होती. वगळले आहे.)

मी त्यांना शब्द दिला. सरकारी माणूस सहसा शब्द देत नाही, पण त्या तशा उभ्या होत्या म्हणून दिला. दिला तेव्हा मनापासून दिला, हे मला मुद्दाम सांगायचं आहे.

तिथलं काम फार सुंदर झालं. दगडी भिंतीत खिळा बसवणं म्हणजे चेष्टा नाही. आधी भोक, मग लाकडाची खुंटी, मग खिळा. चित्र उचलताना त्याचं तोंड भिंतीकडे आणि पाठ आपल्याकडे असते, कारण तार पाठीला असते. मग नजर खिळ्यावर ठेवून ते वळवायचं, तार अडकवायची आणि लगेच पाणसळ लावायची. मग बुडबुडा. बुडबुडा हा प्राणी असा आहे की त्याच्यावरून क्षणभर नजर हलली तर तो पळतो. मी श्वास रोखून बघत होतो. चारही वेळा तो बरोबर मध्यावर येऊन थांबला. तिथला मुख्य अधिकारी मागून म्हणाला, “वा!” मी विचारलं, “सरळ आहेत ना?” तो म्हणाला, “अगदी.” मग मी हत्यारं आवरली, दिवे घालवले आणि विमानतळावर आलो. विमानात बसल्यावर मला काहीतरी राहिल्यासारखं वाटलं. पिशवी उघडून पाहिली. हातोडा होता, तार होती, पाणसळही होती.

परत आल्यावर बाई भेटायला आल्या. मी त्यांच्यासाठी मुद्दाम जाड कागदावर प्रमाणपत्र तयार करून घेतलं होतं: ‘आपले चित्र सदर दालनातील चार चित्रांपैकी एक असून ते निश्चितपणे सरळ आहे.’ खाली साहेबांची सही आणि गोल शिक्का. असं प्रमाणपत्र विभागाच्या इतिहासात कोणालाच मिळालेलं नाही. बाईंनी ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि घडी न घालता मांडीवर ठेवलं.

“उजेड कुठून येतो तिथं?” त्यांनी विचारलं.

हे मला माहीत होतं! खिळ्याची सावली कुठे पडते ते आम्हाला बघावंच लागतं. “डावीकडून,” मी म्हणालो. “लांब खिडकी आहे. सकाळभर येतो.”

“मग बरंय,” बाई म्हणाल्या. “डावीकडूनच पाहिजे होता.” आणि त्या उठल्या.

घरी आल्यावर ही म्हणाली, “काय होतं हो त्यात?”

“कशात?”

“बाईंच्या चित्रात.”

हिला सरकारी नोकरीची सवय नाही, त्यामुळे ही असं काहीही विचारते. मी म्हणालो, “चारही अगदी सरळ बसलीत.” त्या दिवशी जेवणात कशातच मीठ नव्हतं. शब्द पाळला नाही याची मला लाज वाटली, अजूनही वाटते. तरी पण चित्रं सरळ आहेत, हे कोणीच लक्षात घेत नाही.

परवा वित्त विभागाची मंजुरी आली. ‘चित्र पाहणारा अधिकारी’ हे पद आता कायदेशीररीत्या अस्तित्वात आहे. योग्य माणूस सुचवा, असं साहेबांनी मला सांगितलं आणि मला साहजिकच तुमची आठवण झाली, वाचकहो. तुम्ही आमच्याबरोबर शेवटपर्यंत आलात. खोकी, लेबलं, विमा, बुडबुडा, सगळं लक्ष देऊन वाचलंत, आणि आमच्या विभागाला मनातल्या मनात हसलात, तेही मला कळलं. पण बाईंनी तीनदा चित्र सांगायला घेतलं आणि तीनदा मी कंस घातला. तुम्ही तिन्ही कंस ओलांडून पुढे आलात. एखाद्या कंसाला तर खूशही झालात. एकदाही मागे वळून म्हणाला नाहीत की थांबा, बाईंना बोलू द्या.

म्हणून त्या पदासाठी मी तुमचं नाव दिलेलं नाही. मोजणी, वजन, बांधणी, विमा आणि टांगणी या शाखांसाठी मात्र तुमची मुलाखतीशिवाय निवड झाली आहे. सोयीने रुजू व्हा. पाहण्याचं पद अजून रिक्त आहे. बाई त्याच घरात राहतात, समोर ती मोकळी भिंत आहे, आणि कोणी विचारलंच तर चित्रात काय होतं ते अजूनही सांगतात. (पत्ता तुम्ही मागितला नव्हता, म्हणून येथे दिलेला नाही.)